वेब्ली मार्क ६, सन १९१७ : कॅलिफोर्नियात कायद्याने घेतलेलं रिव्हॉल्व्हर

यंदा मी एक जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने १९१७ साली बनवलेलं, मार्क ६, .४५५ बोअरचं. घेतलं ते कॅलिफोर्नियात, आणि या राज्याचे हँडगनचे, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे कायदे अमेरिकेतल्या सर्वांत कडक कायद्यांमध्ये मोजले जातात. वस्तूबद्दल लिहायचं आहेच, पण दुकानाबद्दल आणि मधल्या कागदपत्रांबद्दल जास्त लिहायचं आहे. आपल्या मंडळींत हा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. एक, अमेरिकेत काय, पैसे टाकले की बंदूक हातात. दुसरं, कॅलिफोर्नियात ते शक्यच नाही. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे माणसं अडचणीत येऊ शकतात.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सातारची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, आता सॅन होजेत राहते. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात टर्नर होते, त्यामुळे धातूचं चांगलं काम दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. घरी जुनी शिवणयंत्रं आहेत, भिंतीवरची घड्याळं आहेत. बंदुकीकडे मात्र वळले ते पणजोबांमुळे. ते पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, आणि आमच्या घरच्या गोष्टींत 'बसरा' हे गाव कोरेगाव किंवा रहिमतपूर असावं इतक्या सहज येत असे. मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली सहावी पूना डिव्हिजन, डिसेंबर १९१५ पासून तिला कुट गावी पडलेला वेढा, २९ एप्रिल १९१६ ची शरणागती, हे सगळं मी पुढे वाचलं. पणजोबांच्या हातात रायफल असणार. रिव्हॉल्व्हर असायचं ते अधिकाऱ्याच्या कमरेला. ते मला ठाऊक आहे. तरीही त्या युद्धातलं एक यंत्र, अजून नीट चालणारं, आपल्या टेबलावर उघडून बघावं अशी फार दिवसांची इच्छा होती. ब्रिटिश सैन्याने मार्क ६ स्वीकारलं ते मे १९१५ मध्ये.

आता कायदा. इथे दुकानदार नवीन हँडगन विकू शकतो ती राज्याच्या मंजूर यादीतलीच. त्या यादीला सगळे 'रोस्टर' म्हणतात आणि ती २००१ पासून लागू आहे. यादीत येण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जातो, उंचावरून पाडून बघतात, गोळ्या झाडून बघतात. पिस्तुलांना तर आणखी बऱ्याच अटी आहेत. एकशे आठ-नऊ वर्षांपूर्वीचं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर या यादीत असण्याचा प्रश्नच नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, मिळत नाही.

पण त्याच कायद्यात संग्राहकांसाठी एक दार ठेवलेलं आहे. संघीय नियमांत 'क्युरिओ अँड रेलिक' असा एक वर्ग आहे. मूळ स्वरूपात असलेलं आणि बनून किमान ५० वर्षं झालेलं शस्त्र त्यात बसतं. नंतर काढलेली नक्कल बसत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा अशा हँडगनना रोस्टरच्या अटीतून वगळतो. फक्त रोस्टरच्या, हे नीट लक्षात घ्या. बाकीचं सगळं, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, दहा दिवसांची प्रतीक्षा, सुरक्षेची परीक्षा, कुलूप, नोंदणी, हे नव्या पिस्तुलाला जसं तसंच शंभर वर्षांच्या रिव्हॉल्व्हरलाही लागतं. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या शस्त्रांचं प्रकरण वेगळं आहे, संघीय कायदा त्यांना 'फायरआर्म' धरतच नाही. माझं १९१७ चं, त्यामुळे ती सवलत मला नाही.

हे मला पहिल्यांदा नीट समजावलं ते आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चाळीसेक वर्षं या देशात आहेत, आणि जुन्या वस्तूंचा त्यांच्याइतका जाणकार मी पाहिला नाही. मी फोनवर एका चकचकीत वेब्लीचा फोटो दाखवला तर त्यांनी फोन बाजूला ठेवला. म्हणाले, "अगं, जमीन घेताना सातबारा बघतात ना? मग इथेही आधी साल बघ, नंबर बघ. चमक काय, कोणीही पॉलिश करून देईल."

ही चमकीची गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत ढिगाने आली. इथे .४५५ ची काडतुसं सहज मिळेनात, म्हणून विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू तासून घेतली, जेणेकरून अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये बसवून अमेरिकन .४५ एसीपी काडतुसं चालावीत. अशा तासलेल्या वेब्ली आजही बाजारात जास्त दिसतात आणि स्वस्तही मिळतात. संग्राहकाच्या दृष्टीने तो तुकडा बाद. शिवाय कारखान्यात भरलेल्या .४५ एसीपी काडतुसाचा दाब या जुन्या पोलादाला झेपेल त्याहून जास्त असतो. बऱ्याच जणांनी ती झाडली आणि काही झालं नाही, असं तुम्हाला दुकानात ऐकवतील. मी धातूकामाच्या घरात वाढलेली आहे. 'काही झालं नाही' हे पोलादाबद्दल मला पुरेसं वाटत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण व्हिसावर येतात, म्हणून एक गोष्ट इथेच ठळकपणे सांगते. एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा, म्हणजे कायदा ज्याला नॉन-इमिग्रंट म्हणतो अशा स्थितीत असताना बंदूक विकत घेणं किंवा बाळगणं संघीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असलेल्यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी राहत नाही. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले. नवऱ्याच्या नावावर घेऊ, मित्राला घ्यायला सांगू, असले विचारही मनात आणू नका. बंदूक घेताना दुकानात भरायचा संघीय फॉर्म म्हणजे फॉर्म ४४७३; त्यावरचा एक प्रश्न हाच असतो की खरेदीदार खरोखर तुम्हीच आहात का, आणि तिथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे, आणि स्पष्ट सूचनाही, की राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही. कॅलिफोर्नियात राहून हे विसरणं सोपं आहे.

दुसरी अडचण शेजारच्या राज्यांची. नेवाडात रेनोच्या प्रदर्शनात टेबलांच्या रांगाच्या रांगा असतात, भावही बरे असतात. पण आपल्या राज्याबाहेर हँडगन विकत घेऊन तशीच घरी आणता येत नाही. १९६८ च्या संघीय कायद्यापासून हे असंच आहे. ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवावी लागते, आणि कॅलिफोर्नियाकडे पाठवण्याआधी बाहेरच्या दुकानदाराला इथल्या न्याय खात्याकडून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. बरेच विक्रेते हा व्याप नको म्हणून कॅलिफोर्नियाचा पत्ता ऐकताच नाही म्हणतात. म्हणून मी राज्यातच शोधायचं ठरवलं.

जवळच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या तरुणाने रोस्टरची यादी उघडली, 'वेब्ली' शोधलं, नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या ग्राहकाकडे वळला. क्युरिओ अँड रेलिक हा शब्द मी उच्चारला तर म्हणाला, ते रायफलींसाठी असतं. ते चूक आहे. नव्या मालाच्या दुकानांत हे ज्ञान असेलच असं नाही, एवढंच त्यावरून घ्यायचं.

मी घेतलं ते दुकान सेंट्रल व्हॅलीत आहे. गिलरॉयहून १५२ नंबरच्या रस्त्याने पचेको पास ओलांडायचा, सॅन लुईस जलाशय मागे टाकायचा, आणि बदामाच्या बागा सुरू झाल्या की थोडं पुढे. एका रांगेत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मेक्सिकन बेकरी आणि मग हे. बाहेरून जाळीचं दार, आत दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिकारीच्या बंदुका आणि नवीन माल, मागच्या खोलीत जुना. छतावर कॅमेरे, आणि ते आवाजही टिपतात अशी पाटी. २०२४ पासून राज्यातल्या दुकानदारांवर हे बंधन आहे. मालक साठीचे आहेत, आधी हवाई दलात शस्त्रदुरुस्तीचं काम करत. त्यांच्या बायको हिशेब आणि कागदपत्रं बघतात, आणि माझ्या मते दुकानाची खरी ताकद त्या बाई आहेत.

मागच्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असतं. त्यावर बनावट, साल, साल कशावरून ठरवलं, कोणते भाग बदललेले आहेत आणि किंमत. माझ्या वेब्लीच्या कार्डावर लिहिलं होतं: साल १९१७, फ्रेमवरील छापावरून, सिलिंडर तासलेलं नाही, फ्रेम व सिलिंडर नंबर जुळतात, नळीचा निळा रंग मूळचा, अंदाजे अर्धा उरलेला, चापाखालचा स्क्रू बदललेला. एक स्क्रू बदलला आहे हेसुद्धा लिहिणारा दुकानदार मी यापूर्वी घड्याळांच्या बाजारातही पाहिलेला नाही.

मी विचारलं, हे कोणत्या पलटणीत होतं, कुठे गेलं होतं? मालक म्हणाले, त्यांना माहीत नाही, आणि ज्याच्याकडून आलं त्यालाही माहीत नव्हतं. सैन्याच्या मालकीचा बाणाचा छाप आहे, सैन्यातून विकल्याची खूण म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन बाण आहेत, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे छाप आहेत. याच्या पलीकडे त्यांच्याकडे पुरावा नाही, म्हणून ते काही सांगणार नाहीत. मी भारतीय आहे आणि मेसोपोटेमियाबद्दल विचारते आहे हे त्यांना कळलं होतं. बगदादची एखादी गोष्ट रचून दोनशे डॉलर वाढवणं अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही, आणि मी ठरवलं, घ्यायचं तर इथेच.

दुकानदार वस्तू किती बघू देतो, यालाही महत्त्व आहे. त्यांनी टेबलावर जाड फेल्ट पसरला, रिव्हॉल्व्हर उघडून, रिकामं आहे हे मला दाखवून समोर ठेवलं. मी फीलर गेज नेलं होतं. सिलिंडर आणि नळीमधली फट मोजली, घोडा ओढून सहाही खणांवर सिलिंडर नीट अडतं का ते पाहिलं, नळीत टॉर्च टाकून आतले आटे पाहिले. मधोमध थोडे खड्डेखुड्डे आहेत, तोंडाशी आटे स्पष्ट आहेत. त्यांनी कुठेही घाई केली नाही. उलट सिलिंडर तासलं आहे की नाही ते ओळखायची एक खूण दाखवली: तासलेल्या सिलिंडरवर मागच्या बाजूचा नंबर अर्धवट उडालेला किंवा पुन्हा मारलेला सापडतो.

आता यंत्राबद्दल, कारण शेवटी मी त्याच्यासाठी गेले होते. सहा इंची नळी, वजन एक किलोच्या थोडं वर, मूठ चौकोनी तळाची. आधीच्या मार्कांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली असे, मार्क ६ मध्ये ती सरळ केली. मुठीच्या पट्ट्या काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, त्यावरचे चौकडे अजून बोटांना टोचतात. तळाला दोरी बांधायची कडी. डाव्या बाजूला अंगठ्याजवळ एक खटका आहे; तो दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि त्याच हालचालीत सिलिंडरच्या मधला ताऱ्याच्या आकाराचा भाग वर येऊन सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर ढकलतो. नळी आणखी थोडी झुकवली की तारा आपोआप आत बसतो. एवढं सगळं एका बिजागरीतून आणि एका छोट्या पंजातून होतं. चिखलाच्या खंदकात, थंडीने आखडलेल्या बोटांनीही करता येईल असं हे ज्याने आखलं त्याच्या हाताला मी दाद देते. खटक्याची झीज शंभर वर्षांनंतरही इतकी कमी आहे की बिजागरीत कागदाइतकाही ढिलेपणा जाणवत नाही.

चाप जड आहे. नुसता चाप ओढून घोडा उठवायचा तर बोट दुखतं. घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला की मात्र चाप छान, स्वच्छ सुटतो. काउंटीच्या नेमबाजीच्या रेंजवर मी ते झाडून पाहिलं. इटलीची फिओक्की कंपनी अजून .४५५ मार्क २ काडतुसं बनवते, २६२ ग्रेनची शिशाची गोळी, वेग मंद. ती महाग पडतात आणि शोधावी लागतात. शिवाय २०१९ पासून कॅलिफोर्नियात काडतुसं घेतानाही दर वेळी तपासणी होते. धक्का अगदी सौम्य, वजनामुळे ते एखाद्या ढकलण्यासारखं जाणवतं. मी ते पुन्हा क्वचितच झाडेन. तरी एकदा झाडलं याचं समाधान आहे, कारण घड्याळ चालवून बघितल्याशिवाय ते दुरुस्त आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

पैशांचा हिशेब. किंमत ११५० डॉलर. त्यावर स्थानिक विक्रीकर. त्यावर राज्याचा बंदूक आणि काडतुसांवरचा ११ टक्के वेगळा कर, जो १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. माझ्या बाबतीत १२६.५० डॉलर. न्याय खात्याचं नोंदणी शुल्क, ज्याला इथे डीआरओएस म्हणतात, ३७.१९. सुरक्षा प्रमाणपत्राची परीक्षा २५ डॉलर. सगळं मिळून सव्वाचौदाशेच्या आसपास गेलं. कार्डाने पैसे दिले तर दुकान वर तीन टक्के लावतं, हे आधी फोनवर सांगत नाहीत. सांगायला हवं.

परीक्षा तीस प्रश्नांची, पास व्हायला २३ बरोबर हवेत, प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. सरकारने पुस्तिका दिली आहे, ती एका बैठकीत वाचून होते. पण नुसतं उत्तीर्ण होण्यासाठी वाचू नका. पोरंबाळं असलेल्या घरात शस्त्र कसं ठेवायचं, ते सापडून मुलाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे त्यात नीट दिलं आहे. माझ्या ओळखीत काही जणांनी उत्तरांची पानं वाचून परीक्षा दिली. मला ते अजिबात पटलेलं नाही.

मग मालकीणबाईंचं टेबल. त्यांनी माझं ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं, ग्रीन कार्डवरचा क्रमांक फॉर्मवर घातला, पत्त्याचा पुरावा म्हणून वीज बिल तपासलं. हँडगनसाठी हा पुरावा लागतोच, आणि बिल जुनं चालत नाही. बिलावर माझं नाव लायसन्सवर आहे तसंच पूर्ण आहे का, हे त्यांनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर, या गोंधळात एखादा अर्ज अडकू शकतो, ही त्यांना कल्पना होती. भारतीय ग्राहक त्यांच्याकडे याआधी येऊन गेलेले. क्युरिओ अँड रेलिकचा अपवाद लावताना त्यांनी फ्रेमवरच्या '१९१७' या छापाचा फोटो काढून फाइलला जोडला. मला वाटतं, अशा खरेदीत दुकान ओळखायचं ते इथे. साल कशावरून, हे तोंडी नाही तर कागदावर ठेवणारं दुकान असेल तर उद्या कोणी विचारलं तरी तुमची बाजू भक्कम राहते.

अर्ज पाठवल्यावर त्यांनी पावतीवर वेळ लिहून दिली, तास-मिनिटासकट. प्रतीक्षा दहा पूर्ण दिवसांची, चोवीस तासांचा एक असे. त्या मिनिटाच्या आधी वस्तू हातात देता येत नाही. नोंदीत काही अडलं तर खातं ३० दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतं. माझं अडलं नाही.

या दहा दिवसांबद्दल रेंजवर मी पुष्कळ चिडचिड ऐकली. शंभर वर्षांच्या रिव्हॉल्व्हरला कसली प्रतीक्षा, असं म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. २८ जुलै २०१९ ला गिलरॉयच्या लसूण महोत्सवात जो गोळीबार झाला तो आमच्या घरापासून अर्ध्या तासावर झाला. २६ मे २०२१ ला सॅन होजेच्या व्हीटीए यार्डात, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या आगारात, कामावर आलेल्या नऊ माणसांना सहकाऱ्यानेच गोळ्या घालून मारलं. त्या सकाळी आमच्या गल्लीवरून हेलिकॉप्टर फिरत होती आणि शेजारची बाई नवऱ्याला फोन लावत दारात उभी होती. माझी वेब्लीही गोळी झाडते. ती जुनी आहे म्हणून कमी झाडत नाही. दहा दिवस थांबायला लागलं याचं मला ओझं वाटलं नाही, आणि ज्याला ते सहन होत नाही त्याने थांबावंच असं मला वाटतं. रोस्टरमध्ये जुन्या वस्तूंना सूट ठेवली हे शहाणपणाचं आहे. तपासणीत सूट ठेवली नाही हेही तितकंच.

रिव्हॉल्व्हर न्यायला गेले तेव्हा हाताळणीचं प्रात्यक्षिक झालं. खोटं काडतूस घेऊन भरायचं, काढायचं, कुलूप लावायचं, नळी सतत सुरक्षित दिशेला. इथे दुकानाची थोडी उणीव दिसली. मालक नव्हते, एक तरुण मुलगा होता आणि त्याच्याकडच्या कार्डावर नव्या रिव्हॉल्व्हरच्या पायऱ्या होत्या, ज्यांचं सिलिंडर बाजूला झुलतं. वेब्ली मधोमध मोडते, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. मीच उघडून दाखवलं, त्याने ते समजून घेतलं आणि मग क्रमाने सगळं करून घेतलं. मुलगा नम्र होता, शिकायला तयार होता. पण मागच्या खोलीत जुनी शस्त्रं विकायची तर प्रात्यक्षिक घेणाऱ्याला ती आधी उघडून दाखवली पाहिजेत.

दुसरी उणीव म्यानाची. रिव्हॉल्व्हरबरोबर कॅनव्हासचं म्यान दिलं आणि 'त्याच काळातलं' असं सांगितलं. ते १९३७ च्या पॅटर्नचं आहे, दुसऱ्या महायुद्धातलं. पहिल्या युद्धातला अधिकारी चामड्याच्या पट्ट्यावर चामड्याचं म्यान वापरत असे. रिव्हॉल्व्हरच्या कार्डावर एवढी काटेकोर माहिती लिहिणाऱ्या दुकानात हे व्हायला नको होतं. मी बाईंना सांगितलं, त्यांनी लगेच म्यानाचे पैसे वजा केले आणि मला म्यान तसंच ठेवायला दिलं. तिसरं म्हणजे खणांत जुनं घट्ट ग्रीस तसंच होतं. केरोसीन आणि पितळी ब्रश घेऊन मला एक संध्याकाळ बसावं लागलं. ते मला आवडलंच, पण प्रत्येकाला आवडेल असं नाही.

नेताना रिकामं, कुलूपबंद पेटीत, पेटी गाडीच्या डिकीत. घरी भिंतीतली तिजोरी आहे. २०२६ पासून तर राज्यात घरातलं शस्त्र मंजूर कुलपात किंवा तिजोरीत ठेवणं बंधनकारकच झालं आहे. काका बघायला आले तेव्हा त्यांनी भिंग लावून फ्रेमवरचा छाप वाचला, सिलिंडरचा नंबर वाचला, मग पहिल्यांदा हसले. "आता म्यान चामड्याचं शोध," म्हणाले, "आणि घाई करू नकोस."

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा कापला तो म्यानासाठी आणि प्रात्यक्षिकासाठी. मार्क ६ शोधणाऱ्यांना एवढंच सुचवेन की तासलेलं सिलिंडर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि सालाचा फोटो फाइलला लावत नाही अशा दुकानात पैसे भरू नका. भारतात नेण्याचा विचार करणाऱ्यांनी तो इथेच सोडावा. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जरी सामानात सापडलं तरी विमानतळावर गुन्हा नोंदतात. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. कप्प्यात काय राहिलं ते मुंबईला उतरल्यावर कळून उपयोग नाही.

दुकान रविवारी आणि सोमवारी बंद असतं. शनिवारी शिकारीच्या हंगामात मागच्या खोलीकडे कोणाचं लक्ष नसतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, मालक असतील का ते आधी फोन करून विचारा, आणि ताजं वीज बिल बरोबर घ्या.